साखरेच्या घरात

बो प्लाँच्या कारखान्याचं धुराडं लांबूनच दिसतं. त्यातून धूर येत नाही, हे लक्षात यायला अंमळ वेळ लागतो. मॉरिशसच्या उत्तर भागात, पांप्लेमूसच्या प्रसिद्ध वनस्पती उद्यानाजवळ हा कारखाना आहे. 1999 मध्ये इथलं गाळप कायमचं थांबलं आणि 2002 मध्ये त्याच इमारतीत 'लाव्हान्त्यूर द्यू स्यूक्र' हे साखरेचं संग्रहालय सुरू झालं. प्रदर्शन आहे, उपाहारगृह आहे, दुकान आहे, शाळांच्या सहली येतात. उसाच्या मळ्याचं सांस्कृतिक केंद्र कसं करावं याचं हे उत्तम उदाहरण, असं बऱ्याच जणांकडून ऐकलं होतं.

माझ्याबरोबर ताई आणि भाऊजी होते. भाऊजींची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेली. बेटावर आल्यापासून निळ्या पाण्याकडे त्यांनी सौजन्य म्हणून पाहिलं होतं. इथे दारातून आत पाऊल टाकलं आणि ते जागे झाले. अवाढव्य दातेरी चाकं, चरक, नळ, भांडी, सगळं जागच्या जागी ठेवलेलं. पाट्या फ्रेंच आणि इंग्रजीत. भाऊजींना पाट्यांची गरजच नव्हती.

"हा बघ, इथे रसात चुना घालून तापवायचं. गाळ खाली बसतो, नितळ रस वरून निघतो. मग या भांड्यांमधून पाणी उडवायचं. पहिल्या भांड्यातली वाफ दुसऱ्याला तापवते, दुसऱ्यातली तिसऱ्याला. फुकटची उष्णता! आणि तो व्हॅक्युम पॅन. हवेचा दाब कमी केला की पाक कमी तापमानाला उकळतो, करपत नाही. दाणा तिथे धरतो. कधी धरायचा ते पॅनमन ठरवणार. तिथे मॅनेजरचंही चालत नाही."

ताई म्हणाली, "घरीही ह्यांचं कधी चाललं नाही." भाऊजींनी ऐकलं नाही.

एका भांड्यातली वाफ दुसऱ्याला वापरायची ही युक्ती यशस्वी करून दाखवली नॉर्बर्ट रिलियू या माणसाने. न्यू ऑर्लिन्सचा, बाप गोरा मळेवाला, आई कृष्णवर्णीय. त्याने 1843 मध्ये पेटंट घेतलं. त्याआधी उकळता रस एका उघड्या कढईतून पुढच्या, त्याहून लहान आणि त्याहून तापलेल्या कढईत मोठाल्या पळ्यांनी ओतावा लागे. ते काम गुलामांचं. पाक अंगावर उडाला तर तो पाण्यासारखा ओघळून जात नाही, चिकटून राहतो. रिलियूच्या यंत्राने इंधन वाचवलं हे सगळे लिहितात. किती हात वाचवले असतील याचा हिशोब कुणी ठेवला नसणार.

ऊस या बेटाचा नव्हे. 1639 मध्ये डचांनी तो जावाहून आणला. 1710 मध्ये डच कंटाळून निघून गेले, ऊस राहिला. नंतर आलेल्या फ्रेंचांनी कॉफी, कापूस, नीळ असं बरंच काही लावून पाहिलं, पण इथली चक्रीवादळं या पिकांना उभं राहू देत नाहीत. ऊस आडवा होतो आणि पुन्हा डोकं वर काढतो. 1810 मध्ये इंग्रजांनी बेट जिंकलं आणि 1825 मध्ये लंडनच्या बाजारात मॉरिशसच्या साखरेवरचा कर वेस्ट इंडिजच्या साखरेइतकाच केला. झालं. जिथे कुदळ चालेल तिथे ऊस लागला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर या चिमुकल्या बेटावर दोनशेच्या वर साखर कारखाने होते. आज तीन आहेत.

हे सगळं संग्रहालयात नीट सांगितलंय. मादागास्कर आणि मोझांबिककडून आणलेल्या गुलामांबद्दलही सांगितलंय, आणि गुळगुळीत करून नाही. 1723 साली फ्रेंच राजाने या बेटांना लागू केलेल्या 'कोद न्वार' या कायद्यात पळून गेलेल्या गुलामाचे पहिल्यांदा कान कापायचे आणि खांद्यावर डाग द्यायचा, दुसऱ्यांदा पायाची शीर तोडायची आणि तिसऱ्यांदा देहदंड द्यायचा, अशी चढती भाजणी होती. 1 फेब्रुवारी 1835 ला गुलामगिरी संपली तेव्हा बेटावर सुमारे 66 हजार गुलाम होते. नुकसानभरपाई म्हणून ब्रिटिश सरकारने वीस लाख पौंडांहून जास्त रक्कम दिली. ती मालकांना. सुटलेल्या माणसांच्या वाट्याला 'उमेदवारी' नावाखाली आणखी काही वर्षं त्याच मालकाकडे राबणं आलं.

मालक मात्र बदलाची वाट पाहत थांबले नव्हते. गुलामगिरी संपण्याच्या तीन महिने आधी, 2 नोव्हेंबर 1834 ला, 'ॲटलस' हे जहाज कलकत्त्याहून पोर्ट लुईला लागलं. त्यात बिहारकडचे 36 मजूर होते. पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये. प्रयोग मालकांना मानवला. पुढच्या काही दशकांत सुमारे पाच लाख माणसं या बंदरात उतरली. त्यातली काही पुढे दुसऱ्या वसाहतींत पाठवली गेली, बहुतेक इथल्याच उसात शिरली.

तर माहितीत खोट नाही. खटकतं ते दुसरंच. माणसांची हकिगत पाट्यांवर आहे आणि दालनभर यंत्रं आहेत. पाटी वाचायला थांबावं तर मागे माणसाच्या दुप्पट उंचीचं चाक उभं. नजर तिकडेच जाते. मी भाऊजींना तसं म्हटलं.

ते म्हणाले, "अगं, चाक आहे म्हणून लोक येतात. आले की चार पाट्या वाचतात. नुसत्या पाट्या लावल्या असत्या तर आपणसुद्धा आलो असतो का?"

म्हणणं बिनतोड होतं आणि मला ते आवडलं नाही.

संग्रहालयाचा शेवट दुकानात होतो आणि तिथे साखरेची चव देतात. पांढरी साखर नव्हे. मस्कोवाडो, डेमेरारा, मळीच्या रंगाची, मधाच्या रंगाची, ओलसर, खडेदार. छोट्या चमच्यांनी एकेक चाखत पुढे जायचं. मस्कोवाडो तर काय सुरेख! ताईने दोन पाकिटं घेतली. या चवीवर माझा राग नाही. साखरेच्या संग्रहालयात साखर चाखायला मिळू नये असं म्हणणारा माणूस सोबत असू नये. पण मघाशी वाचलेल्यातलं काहीही या टेबलापर्यंत पोचलेलं मला दिसलं नाही. चमच्यांशेजारी करारातला शिधा लिहून ठेवायला काय हरकत होती? दिवसाला दोन पौंड तांदूळ, अर्धा पौंड डाळ, थोडं मीठ, थोडं तेल. त्याखाली 'डबल कट'चा नियम. एक दिवस कामाला आला नाहीस तर दोन दिवसांची मजुरी कापली जाईल. आजारी पडलेल्या माणसाचा महिना संपताना तो मालकालाच देणं लागायचा, असंही या हिशोबात होऊ शके. एवढं वाचूनही मस्कोवाडो गोडच लागला असता. फक्त लोक जरा हळू चाखते.

दुपारी आम्ही मापूला गेलो. तिथला शातो द लाबुर्दोने हा मळेवाल्या विए कुटुंबाचा वाडा 1859 मध्ये बांधून झाला. पडझडीला आलेला हा वाडा डागडुजी करून 2010 मध्ये लोकांसाठी खुला केला. रांगेत जुनी झाडं, त्यांच्यामधून सरळ रस्ता, टोकाला दोन मजल्यांचं घर, दोन्ही मजल्यांना लांबरुंद व्हरांडे. घर देखणं आहे. हवा कुठूनही आली तरी आरपार जाईल अशी रचना. खिडक्यांच्या झडपांतून येणारा उजेड लाकडी जमिनीवर पट्ट्यापट्ट्यांनी पडतो आणि माणूस उगाचच हळू बोलायला लागतो.

अशा घरांची एक खोड असते. आत आलेला पाहुणा आपोआप मालक होतो. आपण दिवाणखान्यात उभे राहतो, जेवणाच्या टेबलाकडे बघतो, व्हरांड्यात येऊन बागेवर नजर टाकतो, आणि मनातल्या मनात इथे राहायला लागतो. कुणीही तिथला भांडी घासणारा होऊन बघत नाही, कारण त्याला उभं राहायला जागाच दाखवलेली नसते. ताई व्हरांड्यात म्हणाली, "इथे सकाळचा चहा काय लागेल!" मीही नेमकं तेच मनात म्हणत होते. आमची आजी-पणजी त्या काळी इथे आली असती तर चहा पीत नसती, एवढं कळण्याइतकं वय दोघींचंही झालेलं आहे.

याच परिसरात बेल व्ह्यूचा साखर कारखाना आहे. तो अजून चालतो. सप्टेंबर 1943 मध्ये तिथले मजूर मजुरीसाठी संपावर होते. पोलिसांनी गोळीबार केला. त्यात अंजले कुपेन ही गरोदर मजूर बाई आणि तिच्याबरोबरचे आणखी काही जण मारले गेले. आज त्याच भागातल्या स्टेडियमला तिचं नाव आहे. वाड्याकडून परतताना आम्ही स्टेडियमसमोरून गेलो. टॅक्सीवाल्याने भाऊजींना तिथे कुठल्या मोठ्या फुटबॉल मॅचेस झाल्या ते सांगितलं. अंजले कोण होती असं मी मुद्दाम विचारलं, तर आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला, "मजूर. पोटात मूल होतं." मग परत फुटबॉल. मला वाटतं हे बरं आहे. ज्या बाईचं नाव रोज खेळाच्या बातमीत येतं, तिला विसरणं जरा अवघड जातं.

मजुरांच्या वस्तीला इथे कॅम्प म्हणत. गवताच्या छपरांच्या खोपट्यांच्या रांगा. मळा जुना झाला, वादळं आली, माणसं गावांत राहायला गेली, खोपटी गेली. त्रियानों इथे दगडी कमानींची एक मजूरचाळ टिकून आहे आणि तिला राष्ट्रीय वारशाचा दर्जा आहे. ती टिकली कारण ती दगडाची होती. वाडा टिकला कारण लाकूड आणि पैसा दोन्ही उत्तम होतं. गिरणी लोखंडाची. वारसा म्हणून काय जपायचं हे पुष्कळदा आधीच ठरून गेलेलं असतं, ते ठरवणारे गवंडी आणि सुतार असतात.

मजुरांचं जे टिकलं ते कागदावर. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत करारबद्ध मजुरांच्या नोंदी आहेत. जहाज, क्रमांक, बापाचं नाव, गाव, जात, उंची, अंगावरची खूण. 1860 च्या दशकापासूनचे फोटोसुद्धा आहेत. हे फोटो कुणी हौसेने काढले नव्हते. 1867 च्या कायद्याने करार संपलेल्या मजुराला फोटो लावलेलं तिकीट बाळगणं सक्तीचं झालं. तिकीट नसलेला माणूस रस्त्यात सापडला की भटक्या म्हणून आत. या जाचाविरुद्ध 1871 मध्ये आदोल्फ द प्लेवित्झ या मळेवाल्यानेच हजारो मजुरांच्या सह्यांचा अर्ज गव्हर्नरकडे नेला, आणि इतर मळेवाल्यांनी त्याला भर रस्त्यात मारलं. अर्जामुळे चौकशीसाठी शाही आयोग आला. तिकिटांचे फोटो मात्र संस्थेत राहिले आणि आता पणतू-खापरपणतू तिथे येऊन आपला माणूस शोधतात. पकडता यावं म्हणून काढलेला चेहरा असा दिवाणखान्यात फ्रेम होऊन लागतो.

पण मला खरं सांगायचंय ते बैठक्याबद्दल.

मॉरिशसच्या भोजपुरीत 'बैठका' म्हणजे कॅम्पमधली सगळ्यांची जागा. छप्पर गवताचं, पुढे पत्र्याचं. दिवसभर ऊस तोडून आलेली माणसं संध्याकाळी तिथे जमत. रामायण वाचलं जाई. ज्याला अक्षरओळख होती तो बाकीच्यांच्या पोरांना शिकवी. भांडणं तिथेच मिटत, लग्नं तिथेच ठरत. मळ्याच्या नकाशावर वाडा असे, गिरणी असे, खेचरांचे तबेले असत. बैठका कुणी नकाशावर काढला असेल असं वाटत नाही.

आणि याच बैठक्यांनी देश फिरवला. दुसऱ्या महायुद्धानंतर मॉरिशसला नवी राज्यघटना मिळाली. तोपर्यंत मतदान मालमत्तावाल्यांपुरतं होतं, बेटावर जेमतेम बारा हजार मतदार. नव्या नियमांत बेटावर चालणाऱ्या कोणत्याही एका भाषेत साधी वाक्यं लिहिता-वाचता येणाऱ्या माणसाला मत मिळणार होतं. समाजसुधारक वासुदेव विष्णुदयाल आणि त्यांचे कार्यकर्ते गावोगावच्या बैठक्यांत शिरले. कंदिलाच्या उजेडात कोयता धरणारी बोटं पाटीवर अक्षरं गिरवू लागली. 1948 च्या निवडणुकीला मतदार होते सुमारे बहात्तर हजार. त्या निवडणुकीने कायदेमंडळाचा चेहरा बदलला. 12 मार्च 1968 ला देश स्वतंत्र झाला आणि शिवसागर रामगुलाम पहिले पंतप्रधान झाले.

म्हणून 'मळ्याचं सांस्कृतिक केंद्र केलं' हे वाक्य मला आता अर्धवट वाटतं. मळ्यात सांस्कृतिक केंद्र पहिल्यापासून होतं. ते वाड्यापासून हाकेच्या अंतरावर होतं, चिखलात होतं, आणि वाड्याला त्याचा पत्ता नव्हता. आता पाहुण्यांना केंद्र म्हणून वाडा आणि गिरणी दाखवतात. एखाद्या मळ्यावर कुणी एक पत्र्याचा बैठका पुन्हा उभारावा, आत एक पाटी, एक पोथी आणि मतदारयादीची एक प्रत ठेवावी. त्याला काही फार खर्च नाही. मी तिथे वाड्यापेक्षा जास्त वेळ थांबेन.

मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातले लोक बरेच होते, विशेषतः रत्नागिरीकडचे. त्यांचे वंशज आज मॉरिशसच्या लोकसंख्येत दोनेक टक्के आहेत आणि स्वतःला मराठी म्हणवतात. घरात क्रिओल, म्हणजे फ्रेंचवरून घडलेली बेटाची बोली, चालते, शाळेत मुलांना मराठी विषय घेता येतो, गणेश चतुर्थीला देशाची सार्वजनिक सुट्टी असते. आडनावांवरून मात्र चटकन ओळख पटत नाही. बंदरातल्या कारकुनाने बापाचं नाव लिहिलं तेच पुढे आडनाव झालं, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या सगळे कुणा एका भिवाजीचे किंवा रामजीचे.

पश्चिमेकडचं कास्कावेल हे गाव मराठी वस्तीसाठी ओळखलं जातं. तिथे ओळखीच्या ओळखीतून एका मंडळाच्या सभागृहात जाणं झालं. सभागृह म्हणजे एक लांबट खोली, प्लास्टिकच्या खुर्च्या, गणपतीची तसबीर, कपाटात ढोलकी आणि टाळ. संध्याकाळी जाखडी नाचाचा सराव होता. कोकणातली जाखडी इथे समुद्र ओलांडून आली आणि टिकली. फळ्यावर गाण्याची ओळ देवनागरीत, तिच्याखाली तीच रोमन अक्षरांत. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "वरची ओळ परीक्षेची, खालची नाचायची." त्यांच्या बोलण्यातले हेल मला कोकणातले वाटले. ताई म्हणाली, तू वाटून घेते आहेस. असेल.

तिथे एक निवृत्त गृहस्थ भेटले. वडील ऊसतोड करत, हे स्वतः कारखान्यात फिटर होते. मराठी थोडी, हिंदी थोडी, बाकी हातवारे. आम्ही बो प्लाँचं संग्रहालय पाहिलं हे कळल्यावर त्यांना गंमत वाटली. ते कधी गेले नव्हते.

"मशीन बघायला पैसे? मला मशीन पैसे देत होती."

भाऊजी खूश झाले. फिटर आणि लॅबवाला यांचं कुठल्याच कारखान्यात पटत नसावं. पाचव्या मिनिटाला दोघांचं गाळप थांबायला जबाबदार कोण यावरून सुरू झालं. भाऊजींचं म्हणणं, फिटर वेळेवर चरक दुरुस्त करत नाहीत म्हणून रस आंबतो. गृहस्थांचं म्हणणं, लॅबवाले कागदावर उतारा वाढवून दाखवतात आणि मळीत साखर सोडतात. 'मळी'ला त्यांच्याकडे वेगळा शब्द होता, पण भांडणात काही अडलं नाही. सरावाची मुलं फुटबॉलहून अजून आली नव्हती, ढोलकीवाला ढोलकीचे दोर ओढत या दोघांकडे बघत होता, आणि ताईने पर्समधून मस्कोवाडोचं एक पाकीट काढून बाईंच्या चहाच्या भांड्याकडे मोर्चा वळवला.